पणजोबांच्या फत्तेमारीवर रेखांश कोण काढत होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबा जयगडचे. शिडाच्या फत्तेमारीवर मुंबईहून मस्कत, बसरा, कधी एडन अशा खेपा करायचे आणि येताना खजूर आणायचे. जहाजावर घड्याळ नव्हतं असं आजी सांगायची. घड्याळाशिवाय समुद्रात रेखांश कळत नाही असं तुम्ही शाळेत शिकलात. मग ही माणसं मुंबईला परत यायची कशी? चंद्रावरून रेखांश काढायचे असं कुठेतरी वाचलंत, ते खरं का? शिवाय घरच्या जुन्या ट्रंकेत एक लाकडी फळी सापडली आहे. तिला मधोमध भोक आहे आणि त्यातून गाठी मारलेली दोरी ओवली आहे. ती कशाची?

मी 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावर शिकलो आणि पुढे चौतीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली शेवटची काही कॅप्टन म्हणून. जीपीएस यायच्या आधी सेक्स्टंटवर, म्हणजे सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायच्या यंत्रावर, जहाज चालवलेल्या शेवटच्या पिढ्यांपैकी मी एक. त्या अनुभवावरून सांगतो, पणजोबांनी बहुतेक रेखांश काढलाच नसेल. तो काढायची वेळ येऊ नये अशी त्यांची वाट आखलेली असायची. त्यामुळे प्रश्न थोडा फिरवून विचारायला हवा. जमीन अजून किती लांब आहे, हे तिच्यावर आदळायच्या आधी त्यांना कसं कळायचं?

आधी घड्याळाचं प्रकरण निकालात काढू. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपल्या जुन्या मापात हे आणखी सुटसुटीत आहे. एक घटका म्हणजे ६ अंश आणि दहा पळं म्हणजे एक अंश. मुंबईकरांनी तर हे जगून पाहिलं आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी इथले कित्येक व्यवहार १९५५ पर्यंत 'मुंबई टाइम'वर चालत होते, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. साडेब्याऐंशी अंशांचा प्रमाणवेळेचा रेखांश आणि मुंबईचा ७२ अंश ५० कला, यांच्यातलं अंतर म्हणजेच ती ३९ मिनिटं. आपल्या आजोबांनी रेखांशातला फरक भिंतीवर टांगलेला पाहिला होता, फक्त त्याला ते रेखांश म्हणत नसत.

समुद्रावर 'इथली' वेळ सूर्य सांगतो. अडतं ते 'तिथल्या' वेळेवर. ज्या बंदरातून निघालो तिथे या क्षणी किती वाजलेत, हे कोण सांगणार? त्यात ४ मिनिटं चुकलात तर मुंबईच्या अक्षांशावर ५७ सागरी मैल चुकलात. आणि घटिकापात्र लग्नाच्या मुहूर्ताला ठीक आहे, डोलणाऱ्या गलबतावर पाणी हिंदकळलं की त्याचा हिशोब संपला.

आता कबुली. पुढचं सगळं तीन गोष्टींवर अवलंबून आहे: कोणता काळ, कोणता समुद्र आणि कोणत्या दिशेचा प्रवास. पंधराव्या शतकातला अरब मुअल्लिम, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा, अठराव्या शतकातला कच्छी मालम आणि १९०० च्या सुमाराचे तुमचे पणजोबा यांना एका माळेत ओवता येणार नाही. मराठा आरमार तर या चर्चेत आणूच नका. त्यांची गुराबं-गलबतं किनारा नजरेत ठेवून लढायची, त्यांना रेखांशाशी कर्तव्यच नव्हतं. मी बोलतोय ते अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेकडून कोकणपट्टीवर येणाऱ्या जहाजाबद्दल.

अक्षांशाला घड्याळ लागत नाही. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, साधारण तितका तुमचा अक्षांश. आपण त्याला अढळ म्हणतो, पण तो काही अगदी अढळ नाही. १५०० च्या सुमाराला तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून साडेतीन अंश दूर होता आणि त्याच्याभोवती घिरट्या घालायचा. इब्न माजिदसारखे अरब जाणकार त्यासाठी दुरुस्ती करायचे. कोणतं चांद्रनक्षत्र माथ्यावर आहे ते पाहून ध्रुवाच्या उंचीत किती मिळवायचं किंवा वजा करायचं, हे त्यांना पाठ असे. त्यांची २८ चांद्रनक्षत्रं आणि आपली २७, एकाच घराण्यातली.

आता नकाशा पाहा. खंभातच्या आखातापासून खाली कन्याकुमारीपर्यंत आपला किनारा साधारण उत्तर-दक्षिण धावतो. पश्चिमेकडून येणाऱ्याला ही पूर्वेला उभी असलेली चौदाशे-पंधराशे किलोमीटरची भिंत आहे. भिंत चुकायचा प्रश्नच नाही, चुकू शकतं ते दार. आणि दार भिंतीत कुठे आहे ते अक्षांश सांगतो. म्हणून एडनहून निघायचं, मोकळ्या समुद्रात असतानाच मुंबईच्या अक्षांशापर्यंत चढायचं, आणि मग ध्रुव त्याच उंचीवर ठेवून सरळ पूर्वेला यायचं. अनुभवी माणूस नेमकं बंदर धरायचाही नाही. जानेवारीनंतर कोकणाबाहेर वायव्येचा वारा असतो, त्यामुळे तो मुद्दाम थोडं उत्तरेला चढून येणार. जमीन दिसली की बंदर उजव्या हाताला आहे हे नक्की, वारा पाठीशी घेऊन खाली उतरायचं. अचूक बंदर धरून चुकलात तर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हेच कळत नाही.

ही रीत किती मुरलेली आहे ते नावांत पाहा. लक्षद्वीप आणि मिनिकॉय यांच्यामधल्या वाटेचं नाव 'नाइन डिग्री चॅनल', मिनिकॉय आणि मालदीव यांच्यामधली 'एट डिग्री चॅनल', अंदमान आणि निकोबार यांच्यामधली 'टेन डिग्री चॅनल'. तिन्ही नावं अक्षांशाची. मलबारला जाणाऱ्याला लक्षद्वीपची बेटं हा मोठा धोका होता. माडांच्या शेंड्यांखेरीज वर काही नाही, रात्री तर दिसायचीच नाहीत. बेटं कोणत्या रेखांशावर आहेत ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून ज्या अक्षांशावर बेटच नाही तिथून निघून जायचं. मी स्वतः नाइन डिग्रीमधून कितीतरी वेळा गेलो आहे. त्या नावात एक अख्खी पद्धत दडली आहे, हे फार उशिरा लक्षात आलं.

तुम्ही म्हणाल, पूर्व-पश्चिम अंतर ते मोजतच नव्हते का? मोजायचे, आणि मोठ्या युक्तीने. नेमकं पूर्वेला गेलात तर ध्रुव काहीच सांगत नाही. पण तिरकं गेलात तर तोच तुमचं अंतर मोजून देतो. अरबांचं उंचीचं माप म्हणजे 'इस्बा', बोटाची रुंदी, साधारण १ अंश ३६ कला. अमुक दिशेने जाताना ध्रुव एक इस्बा वर यायला किती चालावं लागतं, याचे त्यांचे ठोकताळे होते. त्याला 'तिरफा' म्हणत. अंतराचं माप 'जाम', तीन तासांची शिडाची चाल, दिवसाला आठ. आपल्या अष्टौप्रहरांशी त्याचं नातं सांगायला नको.

हिशोब करून पाहा. ईशान्येला, म्हणजे बरोबर ४५ अंशांवर जाताना ध्रुव एक इस्बा वर आला, तर तुम्ही उत्तरेला ९६ मैल गेलात आणि पूर्वेलाही ९६ मैल. पूर्वेकडची चाल घड्याळाशिवाय हातात आली. पण खाच इथेच आहे. दिशा आणखी पूर्वेकडे झुकवली, उत्तरेपासून साडेसदुसष्ट अंशांवर, तर त्याच एका इस्ब्याला पूर्वेची चाल २३२ मैल होते. आणि सुकाणूवरच्या माणसाने अर्धा पॉइंट, म्हणजे साडेपाच अंशांच्या जवळपास, चूक केली असेल तर तीच ३१६ मैल. डुलकी एकाची आणि चूक ८४ मैलांची. एडनहून मुंबईची दिशा साधारण ७७ अंश आहे, म्हणजे या युक्तीला सर्वांत नावडती. म्हणून मी तिला आधार मानतो, उत्तर मानत नाही.

उरली ती अंदाजाची चाल, ज्याला आम्ही डेड रेकनिंग म्हणतो. नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, लाकडाची चिपळी पाण्यात टाकायची आणि ती मागच्या टोकाला यायला किती वेळ लागतो ते आकडे मोजून बघायचं. युरोपीय जहाजं दोरीला ४७ फूट ३ इंचांवर गाठी मारून २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळाने वेग मोजायची, वेगाला 'नॉट' म्हणजे गाठ म्हणतात ते त्यामुळे. यात प्रवाह मात्र कळत नाही. आपल्या किनाऱ्याबाहेरचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला आणि हिवाळ्यात उत्तरेला वाहतो. सोमालियाजवळचा तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत इतका जोरात असतो की शिडाचं जहाज त्याच्यापुढे काही नाही. चांगल्या माणसाची अंदाजाची चाल दहा टक्क्यांत राहिली तरी मी त्याला शाबासकी देईन. एडन ते मुंबई १६५० सागरी मैल. दहा टक्के म्हणजे १६५ मैल. म्हणजे मुंबई उद्या सकाळी आहे की आणखी दीड दिवसाने, हेही सांगता येत नाही.

आणि इथे मुंबईचं नशीब कामी येतं. भारताच्या किनाऱ्याबाहेर समुद्रबूड जमीन, म्हणजे उथळ समुद्राचा पट्टा, सर्वांत रुंद आहे तो मुंबई-खंभातच्या समोर. मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे १६० सागरी मैलांच्या आसपास. केरळाकडे तो खूपच अरुंद होतो. जेवढी चूक व्हायची शक्यता, जवळजवळ तेवढंच अंथरूण दर्याने आपल्या दारात पसरलं आहे. बॉम्बे हायचं तेलक्षेत्र मुंबईपासून १६० किलोमीटरवर आहे आणि तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास. सरासरी काढा, दोन किलोमीटरला एक मीटर. आपल्या मापात, खोली एक वाव कमी झाली की किनारा दोन मैल जवळ आला.

वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर, सहा फूट. शिशाचं वजन दोरीला बांधून खाली सोडायचं आणि दोरी वर ओढताना वावा मोजायच्या. वजनाच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरायची. तळाचा नमुना चिकटून वर येतो. किनाऱ्याजवळ काळपट चिखल आणि साधारण साठ मीटरपलीकडे शिंपल्यांची, चुनखडीची वाळू. म्हणजे खोली आणि माती, दोन साक्षीदार. नुसती खोली फसवू शकते. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, म्हणजे उथळ पाण्यात आठ-नऊ किलोमीटरची चूक. तिथीचं भान नसलेला माणूस वावा मोजून उपयोग नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर माझी गोष्ट ऐका. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, जूनचा तिसरा आठवडा. मी सेकंड ऑफिसर, म्हणजे दिशा आणि नकाशे माझ्याकडे. आखातातून मुंबईला येत होतो. जहाजावर क्रोनोमीटर होता, रेडिओवर वेळेचे ठोके मिळत होते, सेक्स्टंट चकचकीत होता. पण चार दिवस ना सूर्य, ना तारा, ना क्षितिज. घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर आणि रेखांश माहीत नाही! लोकांना वाटतं घड्याळ आलं आणि प्रश्न सुटला. घड्याळाला आकाशही लागतं.

कॅप्टन जुना माणूस. त्याने ट्रेसिंग पेपर मागवला. त्यावर नकाशाच्याच प्रमाणात आमच्या मार्गाची रेघ मारली आणि दर अर्ध्या तासाच्या अंतरावर इको साउंडरची (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र) खोली, भरतीची वजावट करून, लिहायला लावली. दोनशे मीटरची रेषा कधी ओलांडली ती वेळ वेगळी टिपली. मग तो कागद नकाशावर ठेवून पुढे-मागे, वर-खाली सरकवत बसलो, आकड्याला आकडा जुळेपर्यंत. जुळला तेव्हा आम्ही अंदाजापेक्षा १८ मैल पूर्वेला होतो. वेग कमी केला. पहाटे पावसाच्या सरी जरा उघडल्या आणि कुलाब्याजवळच्या प्राँग्ज दीपगृहाचा दिवा अपेक्षित दिशेला दिसला. दोनशे मीटरची ती रेषा किनाऱ्याला साधारण समांतर जाते. म्हणजे ती समुद्राच्या तळाला काढलेली रेखांशाची रेघच समजा, थोडी वाकडी. तुमचे पणजोबा शिशाच्या वजनाने जे करत होते, तेच आम्ही बारा हजार टनांच्या जहाजावर करत होतो.

आजही कोळीवाड्यात विचारून बघा. वर्सोव्याच्या एका तांडेलांना मी विचारलं होतं, काल जाळं कुठे टाकलं? त्यांनी गावाचं नाव घेतलं नाही, दिशा सांगितली नाही. "अठरा वावात," एवढंच. हातात जीपीएस असलेला माणूस.

खोलीच्या आधी येणाऱ्या खुणाही आहेत. निळं पाणी हिरवट होतं, मग गढूळ. समुद्री साप दिसायला लागतात. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी वाटाड्यात हीच खूण दिली आहे: बॅरिगाझा, म्हणजे आपल्या भडोचकडे येताना खोल समुद्रात साप भेटतात, ते दिसले की जमीन जवळ. कारण साधं आहे. बहुतेक समुद्री साप तळाशी जाऊन भक्ष्य शोधतात, त्यामुळे ते बुडी पोचेल इतक्या उथळ पाण्यात राहतात. उथळ पट्टा सुरू झाल्याची ती जिवंत पाटी आहे. मी स्वतः जहाजाच्या ब्रिजच्या कठड्यावरून ते पाहिलेत, सप्टेंबरच्या शांत पाण्यात दोरीचे तुकडे तरंगावेत तसे. पहाटेचे मतलई वारे जमिनीचा वास आणतात. हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी लांबूनच कर्नाळ्याचा सुळका दिसतो. जुन्या इंग्रजी नकाशांत त्याला फनेल म्हणायचे. तो दिसला की रेखांशाची चर्चा थांबली.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: उत्तर-दक्षिण ताऱ्यावरून, पूर्व-पश्चिम अंदाजाने, आणि अंदाजाची चूक जिवावर बेतायच्या आत तळ, साप, पाणी आणि डोंगर यांनी दुरुस्त करायची. मस्कत-बसऱ्याच्या खेपांना तर याचीही फारशी गरज नव्हती. मुंबई ते मस्कत सरळ साडेआठशे मैल आहे, आणि बरेच जण काठेवाड, मकरान धरून जायचे.

आता तुमचा चंद्र. रेखांश आकाशातून काढायची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. सूर्यसिद्धान्तात रीत दिली आहे: मध्यरेषेसाठी, म्हणजे उज्जैनवरून जाणाऱ्या रेषेसाठी, खग्रास चंद्रग्रहणाची वेळ गणिताने काढायची आणि आपल्या गावी ते प्रत्यक्ष कधी घडतं ते बघायचं. उशिरा घडलं तर गाव पूर्वेला, आधी घडलं तर पश्चिमेला. चंद्रग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं, म्हणजे ते आकाशातलं घड्याळच. मुंबई उज्जैनच्या पश्चिमेला, साधारण २९ पळं. पंचांगकर्त्याला देशांतर, म्हणजे रेखांशातला फरक, काढायला हे पुरेसं आहे. पण ग्रहणं वर्षाला दोन-तीन, सावलीची कड पुसट, दोन माणसांत काही मिनिटांचा मतभेद ठरलेला. तुम्ही एडनहून निघून दहाव्या दिवशी अडलात तर पुढच्या ग्रहणाची वाट बघणार का? गुरूच्या चंद्रांचंही तेच. गॅलिलिओने १६१० मध्ये ते पाहिले आणि त्यांची ग्रहणं घड्याळासारखी वापरता येतील हे सुचवलं. जमिनीवर त्याने नकाशे सुधारले, पण हलत्या डेकवर दुर्बिणीत गुरू धरून दाखवा, मी सलाम करीन.

तुम्ही जे वाचलंत ते या दोन्हींबद्दल नसणार, 'ल्यूनर डिस्टन्स'बद्दल असणार. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो, म्हणजे साधारण स्वतःच्या रुंदीएवढा. आकाश ही तबकडी आणि चंद्र हा काटा. चंद्र आणि सूर्य किंवा एखादा ठळक तारा यांच्यातला कोन मोजायचा आणि तो कोन ग्रीनिचला किती वाजता असेल ते कोष्टकात पाहायचं. १५१४ मध्ये योहान्नेस वेर्नर या जर्मन माणसाने हे लिहून ठेवलं, पण चंद्राचं गणित आणि कोन मोजायचं साधन, दोन्ही कच्चं होतं. टोबियास मायरची कोष्टकं आणि हॅडलीचं आरशांचं यंत्र आल्यावर १७६७ सालच्या इंग्रजी नॉटिकल अल्मनॅकपासून ते वापरात आलं. हॅरिसन या इंग्रज कारागिराचं समुद्रावर चालणारं घड्याळ त्याच सुमाराचं, पण घड्याळ महाग आणि कोष्टक स्वस्त, म्हणून कितीतरी वर्षं जहाजं चंद्रावरच चालली. १९०६ नंतर अल्मनॅकने ती कोष्टकं छापणं बंद केलं. मुंबईसाठी योगायोग म्हणजे त्याच वर्षी आपली प्रमाणवेळ आली.

तर घड्याळाशिवाय चंद्रावरून रेखांश काढता येत होता, हे खरं. पण त्याला छापील कोष्टक, सेक्स्टंट आणि किचकट गणित लागतं. जयगडच्या फत्तेमारीवर यांतलं काही असण्याची शक्यता मला कमी वाटते.

निवृत्तीनंतर हौस म्हणून मी ते करून पाहिलं, वरळी सीफेसवर, दुपारी, अष्टमीच्या आसपासचा चंद्र वर असताना. सूर्य समुद्राच्या बाजूला, त्याची उंची क्षितिजावरून घेतली. चंद्राखाली इमारती, म्हणून त्याची उंची गणिताने काढली, जे खरं तर लबाडीचं आहे. मग दोघांमधला कोन पाच वेळा मोजून सरासरी. त्यातून वातावरणाचं वक्रीभवन आणि चंद्राचं लंबन (पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून बघतो म्हणून तो सरकलेला दिसतो, तो फरक) काढून टाकायचं. लंबन एक अंशापर्यंत असतं, ते विसरलात तर सगळंच पाण्यात. दोन तास वही भरली. माझा कोन शेवटी दोन कलांनी चुकला होता, अंशाचा तिसावा भाग. दोन कला म्हणजे वेळेत चार मिनिटं, म्हणजे रेखांशात एक अंश. हिशोबाप्रमाणे मी वरळीत नव्हतो, पुण्याच्या रेखांशावर होतो. बायको म्हणाली, टोल वाचला. आणि हे पक्क्या जमिनीवर, भेळ खात. अठराव्या शतकातले अधिकारी हलत्या जहाजावर याहून बरं काढायचे, तेव्हा त्यांच्याबद्दल माझा आदर बराच वाढला.

आणखी एक वाट लोकांनी शोधली होती, तिचा आपल्या वसईशी संबंध आहे म्हणून सांगतो. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळलेली असते आणि ती किती ढळते ते जागेगणिक बदलतं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोर्तुगीजांनी अगुल्हास, म्हणजे 'सुया' हे नाव दिलं, कारण तिथे तेव्हा सुई खऱ्या उत्तरेला असायची. मग कल्पना निघाली की सुईच्या ढळण्यावरून रेखांश ओळखावा. जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५३८ मध्ये भारतात आला, त्याने वाटेत आणि इथल्या किनाऱ्यावर डझनावारी मोजमापं घेतली आणि निष्कर्ष काढला की सुईचं ढळणं आणि रेखांश यांचा सरळ मेळ बसत नाही. वसईजवळ त्याला सुई उगाचच भलतीकडे वळताना दिसली आणि त्याने दोष खडकांना दिला. बरोबर होतं त्याचं, आपला काळा कातळ लोहयुक्त आहे. पुढे कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय मोजमापं सुरू झाली, ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली. सुई खडकाला भुलते तशी ट्रामलाही.

जुनी रीत कुठे हरते हेही सांगायला हवं. किनारा आडवा असेल तिथे, किंवा मोकळ्या समुद्रात नेमक्या जागी वळायचं असेल तिथे. १६११ नंतर डच जहाजं दक्षिणेच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर हजारो मैल पूर्वेला जायची आणि अंदाजाने उत्तरेला वळून जावा गाठायची. वळण उशिरा घेतलं की समोर ऑस्ट्रेलिया. 'बटाविया' नावाचं जहाज १६२९ मध्ये तिथल्या प्रवाळ बेटांवर असंच फुटलं. तिथे अक्षांश कितीही बरोबर असून काय उपयोग? उथळ पट्टा ऐन वेळेपर्यंत सूचना देत नाही. मुंबईसारखं अंथरूण प्रत्येक बंदराच्या नशिबी नसतं.

शेवटी तुमची फळी. वर्णनावरून ती 'कमाल' असावी, अरबांचं ध्रुव मोजायचं साधन. दोरीची गाठ दातात धरायची, दोरी ताणून फळी समोर धरायची, खालची कड क्षितिजावर ठेवायची. वरच्या कडेला ध्रुव टेकला की तुम्ही त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर आलात. एक गाठ, एक बंदर. रेखांशाचं मात्र तिच्यात काही सापडणार नाही.

टेप घ्या. फळीची उंची मोजा आणि भोकापासून प्रत्येक गाठीचं अंतर मोजा, मग अंतराला उंचीने भागा. उत्तर ३ च्या जवळ आलं तर ती मुंबईची गाठ. साडेचारच्या जवळ आलं तर एडन, २.४ ला मस्कत, १.८ च्या आसपास बसरा. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. १९०० च्या सुमाराला ध्रुवतारा ध्रुवबिंदूपासून सव्वा अंश दूर होता, शिवाय दोरी शंभर वर्षांत आकसते. उगाच दोरी ओढून किंवा ओली करून बघू नका. गाठींची अंतरं आणि फळीची उंची कळवा, मग पणजोबा खरोखर कुठे कुठे जात होते ते आपण काढू.